पुठ्ठ्याचं मिलिंग मशीन

विमाकाकांनी मिलिंग मशीन घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही, आणि याचंच त्यांना वाईट वाटलं. विरोधाला द्यायची उत्तरं त्यांनी रोज आंघोळ करताना घोटून ठेवली होती. निवृत्त माणसाला छंद का हवा, हाताला काम असलं की डोकं कसं ठिकाणावर राहतं, मुलगी लग्न होऊन गेल्यापासून मागची खोली कशी ओस पडली आहे, सगळं तयार होतं. काकू नुसतं "बरं" म्हणाल्या आणि चादरीची घडी घालत राहिल्या. चादरीचं दुसरं टोक काकांच्या हातात होतं, त्यामुळे त्यांना रुसून निघूनही जाता आलं नाही.

मिलिंग मशीन म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. काकांनी ते भेटेल त्याला सांगितलं होतं, मग वाचकालाच का सोडायचं? लोखंडाचा तुकडा एका सरकत्या टेबलावर पक्का आवळायचा. वर एक दातेरी कटर विजेवर गरागरा फिरत असतो. टेबलाची चाकं हाताने फिरवत तो तुकडा त्या कटरखालून केसाकेसाने सरकवायचा, की नको तेवढं लोखंड तासलं जातं आणि हवा तो आकार उरतो. कटर फिरवायचं काम विजेचं, पण सरकवणं सगळं हाताचं. 'हाताचं' हा शब्द उच्चारताना काकांचा आवाज जरा खाली येई.

त्याला कारण होतं. काकांनी उभी नोकरी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात काढली होती, म्हणून तर इमारतीत त्यांना विमाकाका म्हणत. जळालेली दुकानं, चेपलेल्या गाड्या, फुटलेल्या टाक्या पाहायच्या, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि कागदावर 'दुरुस्तीपलीकडे' असा शेरा मारायचा. इतक्या वस्तू मोडीत काढणाऱ्या या माणसाने स्वतःच्या हातांनी आजवर एकही वस्तू बनवली नव्हती. भिंतीत खिळा ठोकायचा तरी सुतार यायचा. आता त्यांना तळहातावर मावेल असं, पण खरोखर चालणारं वाफेचं इंजिन बनवायचं होतं. ते बनवल्याशिवाय मरायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. एवढं मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मशीन निवडायचं म्हटल्यावर सल्ले आलेच. काकूंचे भाऊ, म्हणजे काकांचे मेहुणे, एका कारखान्यात पर्यवेक्षक होते. त्यामुळे लोखंडाच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा, आणि इतर बाबतीतही ते तो शेवटचाच मानून चालत. ते म्हणाले, "भाऊजी, मशीन वजनावर घ्यायचं. उचलता आलं तर ते मशीन नाही, खेळणं." त्यांच्या मते जमिनीवर उभं राहणारं, माणसापेक्षा उंच, थोरलं मशीनच घ्यायला हवं होतं. ते कारखान्यात तसल्याच मशीनजवळ उभे राहून दुसऱ्यांना काम सांगत.

इमारतीचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर होते. त्यांचं मत नेमकं उलटं पडलं. त्यांनी काकांना खुर्चीत बसवून, तोंडात कापूस घालून समजावलं, की सगळा खेळ वेगाचा असतो. टेबलावर मावेल असं छोटं मशीन घ्या, वेगात फिरणारं. काकांना तोंडात कापूस असल्यामुळे प्रतिवाद करता आला नाही, आणि डॉक्टरांनी तो होकार समजून पुढे सगळ्यांना सांगितलं की काकांचं छोट्यावर नक्की झालं आहे. मेहुण्यांच्या कानावर हे गेल्यावर ते पुढचे दोन रविवार आले नाहीत.

दुकानदाराचं म्हणणं आणखी वेगळं होतं. तो म्हणाला, दोन्ही मशीनं उत्तम आहेत, तुम्ही स्वतः कसे आहात त्यावर ठरवा. काका घरी येऊन बराच वेळ आपण कसे आहोत याचा विचार करत बसले आणि त्यांना संध्याकाळी जेवण गेलं नाही. त्यांनी माहितीपत्रकं आणली, ती उशाखाली ठेवली, सकाळी छोटं आणि संध्याकाळी मोठं असं चालू झालं. एकदा तर ते मोठ्या मशीनसाठी घराबाहेर पडले आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन छोट्यासाठी परत आले.

शेवटी काकू म्हणाल्या, तुमचं काय ते होऊ दे, पण ते ठेवल्यावर मला खिडकीपर्यंत जाता येईल का तेवढं दाखवा. याच खोलीत एकदा मापं न घेता कपाट आणलं होतं आणि त्याचं एक दार आजही उघडत नव्हतं. काकांना हे मनापासून पटलं. दावे तपासणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी ठरवलं, की थोरल्या मशीनची हुबेहूब, पूर्ण आकाराची प्रतिकृती पुठ्ठ्यात करायची, ती खोलीत ठेवायची आणि मग निर्णय घ्यायचा.

फ्रिज विकणाऱ्या दुकानातून खोकी आली. खळ शिजली, सुतळी आली, झाडूचा दांडा गेला. काका सकाळी बसत ते जेवायला हाक मारल्यावरही उठत नसत. आधी नुसता सांगाडा करायचा असं ठरलं होतं, पण सांगाड्याला टेबल लागलं, टेबलाला चाक लागलं, आणि चाक आहे म्हटल्यावर ते फिरवून टेबल सरकायला नको का? पुठ्ठ्याच्या गुंडाळीला सुतळीचे आटे घालून काकांनी तेही साधलं. उजवीकडचं चाक फिरवलं की टेबल खरंच सरकत असे. उलट फिरवलं तर जरा वेळ घेऊन मग सरके. काकू म्हणाल्या, अगदी तुमच्यासारखं आहे, सांगितल्यावर थोड्या वेळाने ऐकतं. मग मशीनवर करडा रंग बसला, मुठींना चंदेरी कागद लागला, आणि दारातून पाहणाऱ्याला मागच्या खोलीत एक अवजड लोखंडी धूड उभं दिसू लागलं. काकू कडेकडेने खिडकीपर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, बसतंय.

खरं म्हणजे इथे काम संपलं होतं. पण काकांनी विचार केला, मशीन येईपर्यंत हात बसवून घेतलेला काय वाईट? तेव्हापासून दुपारी जेवण झालं की ते मागच्या खोलीत जाऊन सराव करू लागले. एक हात या चाकावर, एक त्या चाकावर, मान तिरकी, नजर पुठ्ठ्याच्या कटरवर. काकूंची ती झोपेची वेळ, त्या स्वयंपाकघराचं दार लावून तिथेच सतरंजीवर आडव्या होत.

आता घरात एवढी मोठी वस्तू उभी आहे आणि समोरच्या खिडकीतून ती दिसते आहे म्हटल्यावर बातमी फुटायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी समोरच्या शिवणवाल्या बाई कढईचा मोडका कान घेऊन आल्या. पाठोपाठ कुणी गेटची बिजागरी आणली, कुणी सायकलचं पायडल. इथे काकांची चूक झाली. "अहो, ते पुठ्ठ्याचं आहे," असं एक वाक्य बोलून मोकळं व्हायचं, तर माणसाचा मान आडवा आला. सगळे इतक्या आदराने दारात उभे होते! काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, अजून सेटिंग चालू आहे. सेक्रेटरींनी जिन्यात विचारलं तेव्हाही ते म्हणाले, ट्रायल घेतोय. डॉक्टरांनी थोरलं मशीन पाहून मन मोठं केलं आणि अभिनंदन केलं.

आणि मग खालच्या मजल्यावरून तक्रार आली.

खाली हेडमास्तर राहत. शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती, पत्नीही मागेच वारल्या होत्या, मुलं लांब होती. एकटे होते, पण इमारतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं, कारण मास्तर खोटं बोलत नाहीत हे लहानथोरांना ठाऊक होतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं, की वरच्या मजल्यावरच्या यंत्राचा रोज दुपारी घरघराट होतो, छत हादरतं आणि वामकुक्षी घेणं अशक्य झालं आहे. प्रत सेक्रेटरींना, प्रत महापालिकेच्या विभाग कार्यालयाला.

काका ते वाचून आधी चक्रावले आणि मग हसता हसता त्यांना ठसका लागला. पुठ्ठ्याच्या मशीनने छत हादरतं! नोकरीत त्यांनी नाना तऱ्हेचे बनावट दावे पाहिले होते, पण असा दावा पाहिला नव्हता. काकूंना वाचून दाखवलं तर त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, खाली जाऊन मास्तरांशी दोन शब्द बोलून या. काका म्हणाले, आता बोलणं नाही, आता पंचनामा.

पण प्रकरण वाटलं तेवढं सोपं नव्हतं. विभाग कार्यालयाची नोटीस आली, की राहत्या घरात विनापरवाना यंत्र चालवून उपद्रव होत असल्याचं सिद्ध झाल्यास त्या घराला यापुढे कोणत्याही यंत्राची परवानगी मिळणार नाही. म्हणजे थोरलं नाही, धाकटं नाही आणि इंजिनही नाही. काकांचं हसू मावळलं. ते तडक कार्यालयात गेले आणि खिडकीतल्या माणसाला म्हणाले, मशीनच नाहीये. तो म्हणाला, मशीन बंद केल्याची नोंद पलीकडच्या खिडकीत होते. पलीकडच्या खिडकीत कळलं, की बंद केल्याची नोंद करायला आधी सुरू केल्याची नोंद लागते. काका म्हणाले, सुरू केलंच नाही, ते पुठ्ठ्याचं आहे. त्यावर खिडकीतल्या बाईंनी भिंगातून जाडजूड पुस्तक पाहून सांगितलं, की लोखंडी, लाकडी आणि इतर असे तीन प्रकार आहेत, पुठ्ठा 'इतर' मध्ये धरता येईल, पण निरीक्षकांनी जागेवर येऊन पाहिल्याशिवाय नाही.

निरीक्षक यायच्या दिवशी काकांनी इस्त्रीचा सदरा घातला. मेहुणे रुसवा सोडून आले होते, कारण तमाशा चुकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सेक्रेटरीही हजर होते. काकांच्या डोक्यात सगळा प्रवेश ठरला होता. आधी मास्तरांना सगळं सविस्तर बोलू द्यायचं, घरघराट, हादरे, सगळं. मग शांतपणे पुढे व्हायचं आणि अख्खं मशीन एका हाताने उचलून दाखवायचं.

आणि मग मास्तर आले. त्यांनी कोट घातला होता, उन्हाळ्यात, आणि तो आता त्यांना सैल होत होता. जिना चढून आल्यामुळे धाप लागली होती, तरी खुर्ची नको म्हणाले. निरीक्षकांना त्यांनी सगळं नीट सांगितलं, एक शब्द वाढवून नाही की कमी करून नाही. काका त्यांच्याकडे पाहत राहिले. या माणसाकडे त्याच्या शब्दाशिवाय आता दुसरं काय उरलं होतं? तो शब्द चार माणसांत खोटा पाडून आपण इंजिन बनवणार. काकांना वाटलं, नकोच ते. मशीन गेलं तरी चालेल, पण हे नको. ते निरीक्षकांना बाहेर बोलवायला पुढे झाले, तेवढ्यात निरीक्षकांनी आपली जाडजूड बॅग मशीनच्या टेबलावर ठेवली.

टेबल आधी वाकलं, मग खांब कलला, आणि अख्खं धूड एक दमलेला उसासा टाकून खाली बसलं. एक चंदेरी मूठ घरंगळत मेहुण्यांच्या पायाशी गेली. निरीक्षकांनी एक तुकडा उचलून पाहिला, त्यावर फ्रिजच्या कंपनीचं नाव होतं. मेहुण्यांना हसू आवरेना. सेक्रेटरींनी त्यांना नजरेने गप्प केलं, पण स्वतः डॉक्टरही छताकडे पाहू लागले होते.

मास्तर त्या पुठ्ठ्याच्या ढिगाकडे पाहत होते. त्यांचा चेहरा उतरला होता. ते हळूच म्हणाले, "पण आवाज येत होता."

निरीक्षक दयाळूपणे म्हणाले, वय झालं की असं होतं, आणि त्यांनी 'तक्रारीत तथ्य नाही' असं लिहायला पेन काढलं. काका जिंकले होते. आयुष्यात कुठला दावा फेटाळताना त्यांना इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"लिहू नका," दारातून काकू म्हणाल्या. "मास्तरांचं खरं आहे. आवाज येतो."

"अगं, कसा येईल?" काका म्हणाले. "पुठ्ठा आहे तो."

"पुठ्ठ्यातून नाही. तुम्ही काढता. तोंडाने."

काकूंनी निरीक्षकांना सगळं सांगितलं. हे एकदा चाक फिरवायला लागले, की आधी घशातून घर्र घर्र सुरू होतं. मग कटर लोखंडाला लागला की दातांतून चर्र. आणि कटर अडकला की पाय आपटतात, मोटरला जोर द्यायला. रोज दुपारी चहाची वेळ होईपर्यंत. काकांनी हे सपशेल नाकारलं. उभ्या आयुष्यात आपण असला पोरकटपणा केलेला नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि ते सांगताना ते मनापासून बोलत होते.

निरीक्षक अडचणीत पडले. दोन्ही बाजू प्रतिष्ठित होत्या. शेवटी त्यांनी कामकाजाचा भाग म्हणून प्रात्यक्षिक घ्यायचं ठरवलं. मास्तरांनी खाली आपल्या पलंगावर जाऊन पडावं आणि आवाज ओळखू आला तर काठीने छत ठोकावं. मशीनचा खांब मेहुण्यांनी धरून उभा केला, कारण अवजड मशीन हाताळण्याचा अनुभव त्यांनाच होता. काका चाकांना हात लावून उभे राहिले.

पहिल्यांदा काहीच आवाज निघाला नाही. इतक्या माणसांसमोर घरघर कशी करायची? काकांनी ओठ घट्ट मिटून चाक फिरवलं. खालून काही ठोकलं गेलं नाही. पण चाक फिरत होतं, टेबल वाकडंतिकडं का होईना सरकत होतं, आणि हाताला ओळखीची लय सापडली तशी काकांची मान आपोआप तिरकी झाली. नजर कटरवर गेली. कापायचा तुकडा त्यांना दिसू लागला. घशातून एक बारीक घर्र सुरू झालं. ते वाढत गेलं. चर्र झालं. काका निरीक्षकांना विसरले, मेहुण्यांना विसरले, कटर खोल गेला, अडकला, आणि त्यांनी डावा पाय फरशीवर असा दणकन आपटला की कपाटाचं न उघडणारं दार उघडलं.

खालून काठीचे ठोके आले. मग मास्तरांचा आवाज आला, आणि शाळा सुटल्यापासून तो आवाज इतका मोठा कुणी ऐकला नव्हता.

"हाच! हाच तो!"

काका भानावर आले. कान लालेलाल झाले होते. त्यांनी काकूंना दबक्या आवाजात विचारलं, की हे तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस? काकू पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "बोलले असते तर तुम्ही थांबला असता. इतक्या आनंदात मी तुम्हाला लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं."

मास्तर जिना चढून वर आले ते जवळजवळ धावतच. कोटाची बटणं सुटली होती. त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि सगळ्यांनी त्यांचं म्हणणं मान्य असल्यासारख्या माना डोलावल्या. निरीक्षकांनी लिहिलं, की आवाज होतो हे सिद्ध झालं असून तो कोणत्याही यंत्राचा नाही, आणि रहिवाशाने स्वतः केलेल्या आवाजाला परवाना लागत नाही. मग त्यांनी मास्तरांना विचारलं, की तक्रारदार म्हणून आपली काय मागणी आहे.

मास्तरांनी कोटाची बटणं लावली. मग म्हणाले, "यांना लवकरात लवकर खरं मशीन घेऊ द्या. ते निदान बटण दाबलं की बंद होईल."

मशीन निवडायला अखेर मास्तरच गेले. दुकानात त्यांनी कुठलंही माहितीपत्रक हातात घेतलं नाही. भिंतीपलीकडून ऐकू यावं म्हणून शेजारच्या गोदामात खुर्ची मागवली, डोळे मिटले आणि दुकानदाराला एकेक मशीन चालू करायला सांगितलं. दुकानदाराच्या आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. तिसऱ्या मशीनला मास्तरांची मान छातीवर आली आणि त्यांना गाढ झोप लागली. तेच घेतलं. ते थोरलंही नव्हतं आणि धाकटंही नव्हतं, त्यामुळे मेहुणे आणि डॉक्टर दोघेही सारखेच नाराज झाले आणि त्यांच्यात समेट झाला.

मशीन मागच्या खोलीत बसलं. काकांनी पहिला तुकडा तासला तेव्हा लोखंडाची एक चकचकीत कुरळी साल सुटून त्यांच्या तळहातावर पडली, आणि त्यांना रडूच आलं. ते लपवायला त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मास्तर शेजारीच उभे होते. दुपारी खाली पडून ऐकत बसण्यापेक्षा वर येऊन पाहिलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं होतं. पाहता पाहता एका चाकाचा ताबा त्यांच्याकडे गेला, आणि इंजिनाच्या चाकाला आरे किती असावेत यावर दोघांचं रोज वाजू लागलं.

एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, रस्त्यावरचे आवाजसुद्धा क्षणभर थांबल्यासारखे वाटले. काकू सतरंजीवरून उठून बसल्या. मागच्या खोलीत मशीन चालूच होतं. त्यांनी कान देऊन ऐकलं. एक घरघर ओळखीची होती. दुसरी जरा जाड होती, शिस्तीत चालत होती, आणि टेबलाच्या दर फेरीनंतर श्वास घ्यायला थांबत होती.